कोडे घालणारा विद्यार्थी

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशीत वसलेल्या पाटणे या गावी देवीच्या देवळात जो शिलालेख आहे, तो महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक अपूर्व दस्तऐवज मानावयास हरकत नाही. यादव नृपती सिंघण याच्या पदरी असलेल्या चांगदेव नामक ज्योतिर्विदाने आपले पितामह भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून या ठिकाणी मठ स्थापिला, निकुंभवंशीय मांडलिकांनी त्यास दान दिले, आणि तेथील पेठेत येणाऱ्या मालावरील काही हक्क त्या मठाकडे लावून दिल्याचा तपशील लेखाच्या अखेरीस चक्क मराठी भाषेत कोरविला गेला. हे इ. स. १२०७ मधले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणून दिला, तेव्हापासून भाषेच्या अभ्यासकांनी त्यातील मराठी ओळींचा कीस काढला आहे आणि ज्योतिषाच्या अभ्यासकांनी त्यातील वंशावळीचा. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने पाहावयाचे तर त्यातील सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, राजसत्तेने आणि बाजारपेठेने मिळून ज्या ग्रंथसंग्रहाच्या पठणासाठी द्रव्याची तजवीज केली, त्यात ‘लीलावती’ हा ग्रंथ होता, आणि ‘लीलावती’ हा बव्हंशी कोड्यांचा ग्रंथ आहे.

कोडी म्हटले की आपल्याकडे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील काळीपांढरी चौकट किंवा रिकामपणी घातलेले उखाणे डोळ्यांपुढे येतात, आणि ग्रंथालय म्हटले की कादंबऱ्या बदलून आणण्याची जागा. शाळेच्या वेळापत्रकात या दोहोंना मिळून आठवड्याची एक तासिका मिळाली तरी ती शिक्षक रजेवर असल्यामुळे मिळालेली असण्याचा संभव अधिक. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका आणि पुस्तकवाचन या दोन कला एकमेकींपासून फार दूर नाहीत; मध्ये प्रतिमाला, म्हणजे आपली अंत्याक्षरी, आणि दुर्वाचकयोग, म्हणजे जिभेला वळण लावणारी अवघड वाक्ये, एवढेच काय ते अंतर आहे. हा शेजार योगायोगाचा असेल. तथापि शालेय विषय शिकण्याच्या कामी कोडे आणि पुस्तक ही एकमेकांवाचून अर्धवट राहतात, आणि त्यातही कोडे सोडविण्याने नव्हे तर कोडे रचण्यानेच विद्यार्थी पुस्तकाकडे खऱ्या अर्थाने वळतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम गणिताचेच पाहू. ‘लीलावती’तील कमळाचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. सरोवरात पाण्याच्या वर अर्धा हात डोकावणारी कमळकळी वाऱ्याने हळूहळू कलत जाऊन मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली, तर पाणी किती खोल, असा तो प्रश्न. देठ हा कर्ण, पाण्याची खोली ही एक भुजा, सरकलेले अंतर ही दुसरी; उत्तर पावणेचार हात. एवढे गणित आजचा नववीचा विद्यार्थी पाच मिनिटांत करील आणि वही मिटून टाकील. परंतु त्याच विद्यार्थ्यास सांगावे की, असेच एक उदाहरण तू तयार कर, आकडे तुझे आणि उत्तर सुटसुटीत आले पाहिजे, मग पाहावे. तो प्रथम मनास येतील ते आकडे घालतो: कळी पाण्यावर एक हात, सरकली दोन हात, खोली दीड हात. ठीक. मग कळी पाण्यावर दोन हात आणि सरकलीही दोनच हात असे घालतो, तो खोली शून्य! सरोवरच नाहीसे झाले. मग कळी तीन हात वर काढून दोनच हात सरकवतो, तर खोली ऋण येते, आणि पाण्याची खोली ऋण कशी असेल या विचाराने तो थबकतो. सरकण्याचे अंतर कळीच्या उंचीहून अधिकच असले पाहिजे, हा निर्बंध भास्कराचार्यांनी श्लोकात कोठेही सांगितलेला नाही, पाठ्यपुस्तकात तो छापण्याचे कारण नाही, आणि उदाहरण सोडविणाऱ्यास तो जन्मभर आढळणार नाही. रचणाऱ्यास मात्र तिसऱ्याच प्रयत्नात आढळतो. पायथागोरसाचा सिद्धांत पाठ असणे आणि तो अंगी मुरणे यांतील अंतर ते हेच.

या बाबतीत महाराष्ट्रापाशी एक असा दाखला आहे की, त्यापुढे शिक्षणशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांची मातब्बरी वाटू नये. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. ठाण्यास शाळेत असतानाच त्यांना गणिती कोड्यांचा छंद जडला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. पदवीनंतरचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे त्यांनी शाळामास्तरकी केली. त्यांचे संशोधन म्हणजे अंकांची कोडी रचणे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत; तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी; जे उरेल त्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. १९४७ घेऊ. ९७४१ मधून १४७९ गेले, उरले ८२६२. ८६२२ मधून २२६८ गेले, उरले ६३५४. ६५४३ मधून ३४५६ गेले, उरले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. आणि ६१७४ वर तीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामी येऊन पोहोचावयाचे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. पुष्कळ वर्षे आपल्याकडील पंडितांनी त्यास करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा जगास देवळालीचे नाव कळले. परदेशाची मोहर उमटल्यावाचून घरचे नाणे खरे न मानण्याची आपली सवय जुनी आहे.

कापरेकरांची कोडी शाळेच्या दृष्टीने मोलाची वाटतात ती वेगळ्याच कारणाने. त्यांना साध्या अंकगणितापलीकडे काही लागत नाही, आणि तरीही त्यांतून नवीन प्रश्न निघण्याचे थांबत नाही. तीन अंकी संख्यांचे काय होते? (४९५ येते, वाचकांनी करून पाहावे.) दोन अंकी संख्यांचे काय? पाच अंकीचे? अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असता जी संख्या कधीच निघत नाही, ती ‘स्वयंभू’. वीस ही संख्या स्वयंभू आहे, हे पाचवीतील मुलगा बोटे मोडीत सिद्ध करू शकतो. वजाबाकीचा सराव म्हणून पन्नास उदाहरणे घातली तर जो वर्ग जांभया देतो, तोच वर्ग ६१७४ च्या पायऱ्या मोजताना दोनशे वजाबाक्या करतो, आणि एखाद्याचे उत्तर भलतेच आले तर शेजारचाच त्याची हातच्याची चूक काढून देतो. शिक्षकास लाल शाई खर्च करावी लागत नाही.

आता भाषा आणि इतिहास. आज सर्वत्र परिचित असलेले शब्दकोडे तसे अर्वाचीन आहे. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन याने ते प्रथम छापले. तथापि शब्दांवर बंधन घालून घेऊन रचना करण्याचा खटाटोप आपल्याकडे फार पुरातन आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी अष्टोत्तरशत रामायणे रचिली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओठ मिटून उच्चारावयाची अक्षरे त्यात वर्ज्य, म्हणजे रामकथा सांगावयाची खरी परंतु ‘राम’ हे नाव घेण्याची सोय नाही. रसिकांनी याला शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडले, आणि काव्य म्हणून ते रास्तही असेल. पण असले बंधन पाळण्यासाठी पर्यायी शब्दांचे केवढे भांडार जवळ बाळगावे लागत असेल, याचा विचार शिक्षकाने तरी करावा.

मराठी शब्दकोडे रचावयास बसलेल्या मुलास पहिली अडचण येते ती लिपीची, आणि ती अडचण म्हणजे एक उत्तम शिक्षक होय. आपल्या चौकटीतील एका घरात केवळ व्यंजन बसत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह आख्खे अक्षर बसते. ‘पुस्तक’ तीन घरांचे, ‘ग्रंथालय’ चार घरांचे. आता उभ्या ओळीत ‘कविता’ घातली आहे आणि तिच्या मधल्या घरातून आडवा ‘रवी’ न्यावयाचा आहे; पण कवितेतील ‘वि’ ऱ्हस्व आणि रवीतला ‘वी’ दीर्घ, त्यामुळे सांधा जुळत नाही. ‘किल्ला’ आणि ‘मालकी’ यांचाही जुळत नाही. मुलाला वाटते, एवढ्या वेलांटीने काय बिघडते. शेजारी म्हणतो, हे चालणार नाही. तंटा शिक्षकाकडे जातो, आणि शिक्षक शहाणा असेल तर निवाडा न देता दोघांनाही कोश पाहावयास धाडतो. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा हा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमावलीत आहे; तो मुलांकडून पाठ करून घेण्याचा उद्योग साठ वर्षे चालू आहे, आणि त्याची फलश्रुती परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दिसतेच. चौकटीतील एका घरासाठी भांडलेला मुलगा मात्र ‘कवी’ आणि ‘कविता’ यांतील भेद विसरत नाही. कारण तो नियम मोडला असता त्याचेच कोडे मोडते.

घरे भरली म्हणजे निम्मे काम झाले. त्याहून कठीण ते सूत्र लिहिण्याचे काम. आपल्या चौथीच्या इतिहासात शिवचरित्र असल्यामुळे प्रत्येक मुलास किल्ल्यांची नावे ठाऊक असतात. समजा, एखाद्याने सूत्र दिले, ‘शिवरायांची राजधानी’, घरे चार. उत्तर ‘रायगड’. परंतु ‘राजगड’ हेही चार घरांचेच, तेही राजधानीचेच ठिकाण. पहिले, तिसरे आणि चौथे ही तिन्ही घरे दोहोंत एकच, फरक काय तो दुसऱ्या घराचा. सोडविणाऱ्याने ‘राजगड’ लिहिले तर त्यास चूक कोणत्या तोंडाने म्हणावे? मग रचणाऱ्यास सूत्र सुधारावे लागते, आणि ते सुधारण्यासाठी राजधानी कोठून कोठे केव्हा हलली, राज्याभिषेक कोणत्या गडावर झाला, १६७४ पूर्वीचा कारभार कोठून चाले, हे धुंडाळावे लागते. ‘तानाजीने घेतलेला किल्ला’ असे सूत्र दिले तर घरे मोजल्याखेरीज ‘कोंढाणा’ की ‘सिंहगड’ हे सांगता येत नाही, आणि त्या निमित्ताने एकाच गडाची ती दोन नावे आहेत हे मुलांच्या ध्यानी येते.

द्व्यर्थी सूत्राचा प्रश्न पोरखेळाचा समजू नये. गेल्या शतकाच्या मध्यावर आपल्या देशात त्यावर कायदा करावा लागला आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचे तेव्हा पेव फुटले होते. प्रवेशशुल्क भरून लोक हजारोंनी उत्तरे पाठवीत, आणि पुष्कळ सूत्रांना दोन-दोन सारखीच समर्पक उत्तरे असत. त्यांतले कोणते ‘बरोबर’ हे चालकांनी अगोदरच ठरवून मोहोरबंद केलेले असे. म्हणजे बुद्धीचा प्रश्नच नव्हता, होता तो नशिबाचा. १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा अधिनियमाने महिन्याकाठी एक हजार रुपयांवर बक्षिसे देण्यास मनाई केली आणि त्याखालच्या स्पर्धांसही परवाना व दोन हजार प्रवेशपत्रिकांची मर्यादा घातली. पुढे १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगारवजा स्पर्धा आणि खऱ्या कौशल्याच्या स्पर्धा यांत सीमारेषा आखून, कायद्याचा अंमल पहिल्या प्रकारापुरताच ठेवला. ज्या सूत्राला दोन उत्तरे संभवतात तो जुगार, आणि ज्याला विचारान्ती एकच उत्तर उरते ते कोडे. शाळेतल्या फळ्यावर हा निवाडा लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

आणि तो आपल्या नैयायिकांना अपरिचित नव्हता. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी दीपिकेसह वाचला असेल, त्यांना गाईच्या लक्षणाची चर्चा आठवत असेल. शिंगे असलेली ती गाय म्हणावे तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. कपिल वर्णाची ती गाय म्हणावे तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. एका खुराची ती गाय म्हणावे तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी हेच काय ते निर्दोष लक्षण. चांगले सूत्र लिहिणे म्हणजे निर्दोष लक्षण करणे, आणि इयत्ता सहावीचा विद्यार्थी जेव्हा ‘पानांतून अन्न तयार करण्याची क्रिया’ हे सूत्र खोडून ‘सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हरितद्रव्य करते ती क्रिया’ असे लिहितो, तेव्हा तो नकळत त्याच परंपरेचा पाईक होतो. पाठ्यपुस्तकातील व्याख्या घोकणाऱ्यास त्या व्याख्येतील प्रत्येक शब्द कशासाठी आहे हे कळत नाही. शब्द काढून पाहिला, आणि वर्गमित्राने भलतेच उत्तर भरून दाखविले, म्हणजे कळते.

भूगोलाचा इतिहास तर याहून बोलका आहे. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६० च्या दशकात नकाशा पातळ लाकडी फळीवर चिकटविला आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवतीने कापून त्याचे तुकडे मुलांच्या हाती दिले. आज चित्रांचे तुकडे जोडण्याचे जे खेळ घरोघरी आहेत, त्यांचा हा मूळ पुरुष. आणि तो जन्मला तो करमणुकीसाठी नव्हे, भूगोल शिकविण्यासाठी. परंतु येथेही खरे शिक्षण जोडणाऱ्याचे होत नसून कापणाऱ्याचे होते. महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून जिल्ह्यांच्या सीमांवरून कापण्यास एखाद्या वर्गास सांगावे. आज छत्तीस तुकडे होतात. मग १ मे १९६० चा महाराष्ट्र कापावयास सांगावे. तेव्हा सव्वीसच होतात. उरलेले दहा कोठून आले? उदाहरणार्थ, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, उस्मानाबादेतून लातूर, चंद्रपुरातून गडचिरोली, धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशीम, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया, आणि अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्यातून पालघर. कुलाबा जिल्हा कोठे गेला, असे कोणी विचारील; तो गेला नाही, त्याचे नाव रायगड झाले. हे सारे एका पुस्तकात नसते. जुने नकाशे, जनगणनेचे अहवाल आणि जिल्हा गॅझेटियरे काढावी लागतात. ब्रिटिश अमदानीत जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे आणि राज्यशासनाची नंतरची गॅझेटियरे समोरासमोर ठेवून पाहावी लागतात. पुणे आणि रायगड यांच्यामधून करवत फिरविताना ती वेडीवाकडी का फिरते याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, हे हाताला कळते. विज्ञानातही असले प्रयोग होऊ शकतात. मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या सारणीत रिकामी घरे ठेवून त्यांतील पदार्थांचे गुणधर्म आगाऊ सांगितले, आणि त्यांपैकी एक घर १८८६ साली जर्मेनियमने भरले. शब्दकोड्याहून ते फारसे निराळे नव्हते.

येथवर जे वर्णिले, त्या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी अखेरीस एका दाराशी येऊन उभा राहतो, आणि ते दार ग्रंथालयाचे. महाराष्ट्राला ग्रंथालयांची वाण नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय तर पोर्तुगीज अमदानीत १८३२ सालचे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले, आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडण्याची व्यवस्था केली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावून अनुदानाची तरतूद केली. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असलेच पाहिजे, व त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत, असे लिहिले आहे.

कोशवाङ्मयाच्या बाबतीत तर मराठी भाषा श्रीमंत म्हणावी लागेल. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस सिद्ध झालेला ‘मराठी विश्वकोश’. हे ग्रंथ एकेका आयुष्याची आहुती देऊन निर्माण झाले. त्यांचे पुढे काय होते? बहुतेक वाचनालयांत ते काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. किल्ली कारकुनापाशी, कारकून जेवावयास गेलेला, आणि कपाटावर ‘केवळ संदर्भासाठी’ अशी पाटी. वर्षाच्या तपासणीत खंडांची संख्या दप्तराशी जुळली म्हणजे सर्वांचा जीव भांड्यात पडतो. मुलांनी हाताळल्यास पाने फाटतील ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु जे पान कधीच उलटले जात नाही ते फाटलेल्या पानापेक्षा अधिक निरुपयोगी, असे मला वाटते. फाटलेले निदान डकवता येते.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य शियाली रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांनी स्वीकारले आणि शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. तेथे लंडनमधील एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणे त्यांच्या पाहण्यात आले. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि खिळे वेगवेगळ्या प्रकारे जोडून निरनिराळ्या वस्तू बनतात हे पाहून, ग्रंथांचे विषयही असेच घटकांच्या जोडणीतून मांडता येतील ही कल्पना त्यांना सुचली, आणि १९३३ साली त्यांचे ‘कोलन’ वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ग्रंथालयातील पुस्तकांची मांडणी हे स्वतःच एक रचलेले कोडे आहे. ड्यूईच्या वर्गीकरण-पद्धतीत गणित ५१० वर, भारताचा इतिहास ९५४ वर, मराठी साहित्य ८९१.४६ वर, हे एकदा उमगले की मुलगा ग्रंथपालाचे तोंड न पाहता स्वतः फळीपर्यंत पोहोचतो. मात्र त्यासाठी फळी उघडी हवी, आणि पुस्तके दाखल क्रमांकाप्रमाणे नव्हे, विषयवार लावलेली हवीत.

शाळेच्या बाजूनेही काही सांगावयास हवे. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या मुलांकडून पाठ्यपुस्तकांचे पैसे एकत्र करून त्यांत वर्गाचे वाचनालय उभे करतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे तो विचार महाराष्ट्रात रुजला खरा, पण बालवाडीच्या उंबरठ्यावर थांबला. माध्यमिक शाळेत पाऊल टाकले की पुन्हा मार्गदर्शिका, अपेक्षित प्रश्नसंच आणि गुणांची वाटणी. तेथे कोड्याला जागा मिळते ती स्वाध्यायाच्या अखेरीस, तयार छापलेल्या चौकटीच्या रूपाने. अक्षरांच्या जंगलात दडलेली दहा फुलांची नावे शोधून त्यांभोवती गोल काढा, हा असलाच एक प्रकार. त्यात डोळ्यांना व्यायाम होतो, बुद्धीस होत नाही. फूल कोणते, केव्हा फुलते, याच्याशी त्या गोलाचा काही संबंध नसतो. असली कोडी मुलांना देण्यापेक्षा त्यांना मैदानावर सोडणे बरे.

या पद्धतीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. जेथे उत्तर एक आहे तेथेच कोडे चालते. १८५७ च्या उठावाची कारणे चौकटीत बसत नाहीत, कवितेचा आस्वाद घरे मोजून घेता येत नाही, आणि जेथे दोन पक्षांचे म्हणणे ऐकून आपले मत बनवावयाचे असते तेथे कोडे उलट अपायकारक; सर्व प्रश्नांना एकेकच बरोबर उत्तर असते असा समज ते करून देईल. तेथे वादविवाद हवा, निबंध हवा. शिवाय हे काम वेळ खाते. एक बरे कोडे रचावयास वर्गाचे तीन-चार तास जातात, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि मुख्याध्यापकांकडून लेखी खुलासा मागविला जातो. यावर उत्तर एवढेच की, सर्व धडे असे शिकवू नयेत. सहामाहीत प्रत्येक विषयाचा एक धडा पुरे.

तेव्हा वाचकांस एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असतात, पण वाचनालये सणाचे दिवस वगळता उघडी असतात. आपल्यापैकी जे कोणी गावच्या वाचनालयाचे सभासद असतील त्यांनी चिटणिसांच्या नावे एक साधा अर्ज करावा: सुटीपुरते संदर्भग्रंथांचे कपाट दररोज दोन तास उघडे ठेवावे, एक मोठे टेबल मुलांसाठी मोकळे करून द्यावे, जुने गॅझेटियर आणि नकाशे त्यावर काढून ठेवावे, आणि मुलांनी रचलेली कोडी दर्शनी फलकावर लावण्यास मुभा द्यावी. अनामत रक्कम घेऊ नये. खर्च म्हणाल तर कागद, पेन्सिली आणि फाटलेली पाने डकवण्यापुरती खळ.